एका कानाचं गाढव

मानवतला आमच्या छापखान्यात
जस्ताचा ब्लॉक परवडत नसे.
औरंगाबादेहून करून आणायचा म्हणजे
एसटीचं भाडं, वर दोन दिवसांचा खोळंबा,
आणि साप्ताहिकाचा खप तीनशे चाळीस,
त्यातले साठ फुकट.

म्हणून रज्जाक पेंटर
झिजलेल्या चपलेच्या रबरावर प्राणी कोरायचा.
एरवी ट्रॉल्यांच्या मागं मोर, दुकानांच्या पाट्या;
बुधवारी रात्री मात्र हातात चांभाराची रापी,
आणि समोर मी, खिळे जुळवत.

चपलेत मावेल तेवढंच जनावर.
हत्ती कधी पूर्ण आलाच नाही.
चौकटीच्या कडेनं नुसती सोंड यायची,
केळं उचलायची, जायची.
वाचक म्हणाले, हत्ती लाजाळू दिसतो.
रज्जाक म्हणाला, आसंल.
मला तरी कुठं दिसला आजून.

कावळा मुळात चिमणी होता.
शाई जास्त झाली.
पण चिमणीचं बोलणं मी आधीच जुळवून ठेवलेलं,
ते कोण पुन्हा सोडवणार रात्री दोन वाजता?
म्हणून आमचा कावळा इतका गोड बोलायचा.

म्हैस कायम डावीकडं तोंड करून.
उलटं कोरायचं तो एकदाच विसरला,
आणि मग तिनं वळायचं नाकारलं.
पुढं सोयरिकीच्या बोलण्यात तिचा दाखला निघू लागला.

गाढवाचा डावा कान कोरताना
रापी सटकली.
दुसरी चप्पल नव्हती, अंक सकाळी जायचा.
तर ते एका कानाचंच छापलं,
आणि एकच कान म्हणून त्याला अर्धं ऐकू यायला लागलं,
आणि अर्धं ऐकून ते पूर्ण उत्तर द्यायला लागलं.
कोल्हा म्हणाला, "सरकीला भाव नाही."
गाढव म्हणालं, "नाव नाही?
मग ठेवू की. बारसं कधी?"
मोंढ्यात हमाल पोतं खाली ठेवून हसले.
तेव्हापासून सभेत कुणी भलतंच बोललं
की मागून आवाज यायचा,
"दुसरा कान लावा!"

माकडामुळं मात्र भानगड झाली.
तहसीलचे ढवळेसाहेब अंकाची सुरळी करून आले.
"हे माकड म्हणजे मीच ना?"
रज्जाकनं चष्मा पुसला.
माकडाकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं,
परत माकडाकडं,
बराच वेळ.
"न्हाई साहेब. पन बसा,
एक चप्पल शिल्लक हाय."
साहेब बसले नाहीत.
जाताना दारातल्या आपल्या चपला
दोन्ही आहेत का, ते पाहिलं.

त्याच आठवड्यात शेषेराव कंपाउंडर
पाव किलो पेढे घेऊन आला.
मला कोल्हा करा म्हणाला.

पुढं फ्लेक्सचं मशीन आलं.
साप्ताहिक आधीच बंद पडलेलं.
रज्जाक जिंतूरला लेकीकडं गेला, तिकडंच वारला;
मला तीन दिवसांनी कळलं.
प्राणी एका पोत्यात होते.
सोंड उंदरांनी खाल्ली. कावळा कुठं गेला माहीत नाही.
गाढव तेवढं माझ्या टेबलाच्या खणात,
जुन्या पावत्यांखाली.

परवा भाचीच्या धाकटीनं
ते स्टॅम्पपॅडवर दाबलं
आणि विजेच्या बिलावर उठवलं,
रकमेच्या बरोबर वर.
रबर कडक झालंय.
होता तो कानही अर्धाच उमटला.

"ह्याला ऐकू येत नाही का?"
"येतं की. थोडं."
ती बिलावर वाकली,
कानाशी तोंड नेलं, हळूच विचारलं,
"तुझं नाव काय?"

माझी बोटं सवयीनं हलली.
समोर खिळ्यांची पेटी नाही काही नाही.
"भाव?" गाढव म्हणालं,
"कशाचा?"