कलिंगड ऐकणारे

शिसवीच्या सात फळ्या अकरा दिवस बंदरात पडून होत्या
एका शिक्क्यावाचून.
तो शिक्का मी मिळवून दिला,
म्हणून हे आमंत्रण.

सित्र्यात, गॅरेजांच्या रांगेत, टायरवाल्याच्या मागे
त्यांचं दुकान. पाटीवर कवटी,
कवटीच्या डोळ्यांतून वीज.
बायकोला फोन केला, उशीर होईल,
आणि खिशात कापसाचे दोन बोळे ठेवले.

महफूज : छातीपर्यंत दाढी, दंडावर काळा साप.
रोडेल : सेबूचा. आजा गिटारी करायचा, हाही करतो,
फक्त आजाच्या गिटारींना शिंगं नव्हती.
बेहरूझ केसाहून बारीक तांब्याची तार
चुंबकाभोवती गुंडाळतो, आठ हजार वेढे,
मोजताना त्याच्याशी बोलायचं नाही.
भिंतीवर कुऱ्हाडी, वटवाघळं, फाटके पंख,
सगळ्यांना सहा-सहा तारा.
मी दाराजवळची खुर्ची धरली.

वाजलं काहीच नाही.
महफूजने कोपरापर्यंत हात धुतले,
नखांतला भुसा काढला,
म्हणाला, चला, ऊन उतरलं.

पुलाअलीकडे कलिंगडांचा ट्रक उभा होता.
तिघे वाकले.
बोटाच्या पेराने एकेक फळ
टक्. टक्. ढप्.
बेहरूझ म्हणाला, हे अजून झोपलंय.
महफूजने एक कानाशी धरलं,
साप कलिंगडाला वेटोळं घालून बसला.
रोडेलने डोळे मिटले : जी.
माझ्या आत देवरुखच्या देवळातली पेटी उघडली,
गुरवकाकांचं बोट खाली आलं :
पांढरी पाच.
मी बोललो नाही, पण मान हलली असावी,
कारण त्यांनी माझ्याकडेही एक सरकवलं.
ट्रकवाला वैतागला,
घ्यायचंय की गायचंय?

बुसैतीनच्या किनाऱ्यावर ओहोटी.
चटई, कागदी पेल्यांत वेलचीचा चहा,
कलिंगडावर खारट पांढरं चीज,
हे मला आधी पटलं नाही, मग चार फोडी गेल्या.
बोलणं लाकडाचं.
इथली दमट हवा लाकडाला फुगवते, रोडेल सांगत होता,
गिटारीची मान वाकते.
तिच्या पोटात लोखंडी सळई असते,
उन्हाळा आला की तिला
पाव वेढा. जास्त नाही. पाव.
आणि त्याने हवेत अदृश्य पाना
इतका हळू फिरवला
की माझे खांदे खाली आले.

महफूजच्या आईला वीस वर्षं ऐकू येत नाही.
नवी गिटार तो आधी तिच्या गुडघ्यावर टेकवतो,
मग वाजवतो.
ती तळवा लाकडावर ठेवते.
गेल्या महिन्यात म्हणाली, हिला ताप आहे.
उघडून पाहिलं तर आत एक सांधा सुटलेला.
हे सांगताना तो बिया गोळा करत होता,
पेल्यात, एकेक,
जणू उद्या कुणी हिशेब मागेल.

मग डोक्यावरून विमान उतरलं.
चहा थरथरला, चटई थरथरली,
माझा हात खिशातल्या कापसाकडे गेला.
ते तिघे मात्र चेहरे वर करून बसले,
तोंडं किंचित उघडी,
पावसात उभ्या गुरांसारखे.
आवाज पार विझल्यावर बेहरूझ म्हणाला,
थोडं खाली लागलंय.
रोडेल म्हणाला, अगदी थोडं.

साडेनऊला त्यांनी मला घरी सोडलं.
म्हणजे उशीर झालाच नाही.
खिडकीतून दाढी बाहेर आली, मागोमाग
एक अख्खं कलिंगड, वहिनींना.
कापूस त्याच्या देठाला पुसायला कामी आला.

लिफ्टमध्ये कोणी नव्हतं.
तिसऱ्या मजल्यावर कान लावला.
टक्.
पिकलंय का, ते कळलं नाही.
सहाव्या मजल्यावर दार उघडलं,
मी तसाच उभा,
दार पुन्हा मिटलं.