खाडा

फ्रिजच्या कडेला टांगलेल्या दिनदर्शिकेत
दुधाचा हिशेब माझ्या हातचा.
रोज एक लिटर, एकादशीला दीड,
घेतलं नाही त्या चौकोनात नुसतं 'खा'.
मार्चपासून त्याच चौकोनात, खाली, बारीक अक्षरात
माझी उपाशीपोटीची साखर.
१३८. १४४.
१२९, त्या दिवशी स्वतःलाच शाबासकी म्हणून
बिनसाखरेचा चहा, पण बशीत ओतून, बसून.

पाच चाळीसला उठायचं.
सासूबाईंची कूस बदलायची, चादर बदलायची,
मग ट्यूबलाइटखाली अनामिकेला सुई.
टोकाला नाही, कडेला.
टोकं शिवडी कोर्टाची आहेत;
दिवसभर लोकांच्या जबान्या टाइप करतात,
दुखरं बोट काना-मात्रा चुकवतं.

नवरात्रात बिल्डरने फोन उचलणं सोडलं.
लालबागची आमची इमारत म्हणजे आता
पत्र्याच्या कुंपणामागचा खड्डा,
आणि अँटॉप हिलच्या या खोलीचं भाडं
चार महिने आमच्याच खिशातून.
रात्री अर्धी ज्वारीची भाकरी, दोडका.
सकाळी १७१.
तेच जेवण, जेवून टाकीभोवती वीस फेऱ्या.
सकाळी १९२.

कामेरकर डॉक्टरीणबाईंना म्हटलं,
ही साखर माझी नाही, बिल्डरची आहे.
त्या चष्मा पुसत म्हणाल्या,
कोणाची का असेना, सध्या राहते तुमच्या रक्तात.
आणि भाडंही देत नाही.

मी हसले. घरी आले.
यंत्र सुई-पट्ट्यांसकट
विजेच्या बिलांच्या खणात टाकलं.

तडवीसाहेबांच्या मुलीला नोकरी लागली तेव्हा
मी तीन पेढे खाल्ले.
एक सगळ्यांसमोर, दोन जिन्यात.
लपून खाल्लेल्या पेढ्याला चव नसते असं म्हणायला हवं.
होती.
फार होती.

गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही.
फेऱ्या नाहीतच.
अकरा चौकोन खालून कोरे.

महिनाअखेरीला रामसुमेर आला हिशेबाला.
दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजत गेला,
मग थांबला.
"ताई, खालचा आकडा लिहायचं बंद केलं?
मला वाटायचं, माझ्या दुधाचं फॅट लिहिता."
मग माझ्याकडे न बघता,
"एवढं फॅट तर म्हशीलाही झेपणार नाही."

काय सांगणार त्याला.
म्हटलं, तेही खाडेच.
"मग काय," तो म्हणाला, "खाड्याचे पैसे नाही लागत."

दुधाच्या खाड्याचे नसतील लागत.
याचे लागतात रे, सावकाश,
डोळ्यांतून, तळपायांतून,
व्याज धरून.
पण हे त्याला बोलले नाही,
कारण पैसे मोजता मोजता दिसलं,
जुलैत आम्ही गावी गेलो तेव्हाचे ओळीने नऊ 'खा'
आणि दहाव्या चौकोनात एक लिटर.
नऊ दिवसांनी त्याने रतीब तोडला नव्हता.
विचारलंही नव्हतं, का.
सकाळी किटलीचं झाकण वाजलं होतं, एवढंच.

आज पाच चाळीस.
कूस. चादर.
खणात बिलांखालून यंत्र काढलं,
पट्टीची तारीख बघितली, अजून चालतेय.
आधी अकरा कोऱ्या चौकोनांत
नीट, एकेक, 'खा' लिहिलं.
मग अनामिका, कड.
पाच सेकंद यंत्र विचार करतं,
तेवढ्यात माणूस उगाच देवाची दोन नावं घेतो.

२०४.

पेन झटकून लिहिलं. जरा ठळकच आलं.

आतून सासूबाई,
"कितीला पडलं गं?"
त्या दुधाचं विचारतात. रोजच विचारतात.
"दोनशे चार," मी सांगते.
"बाई गं," त्या भिंतीकडे वळत म्हणतात,
"किती महागलं.
उद्या थोडं कमी घे."