फुलं आत नेता येत नाहीत

वॉर्डाच्या दाराशी नर्सने माझ्या हातातून ट्युलिप काढून घेतले.
फुलं नकोत, कुंडी नको, मातीचं काहीच नको, म्हणाली.
बाहेरच्या बाकावर ठेवले तिने, कुणाच्या तरी ओल्या छत्रीशेजारी.
मी हात धुतले, मास्क लावला, आत आले.
पंचावन्न वर्षं तुझ्या अंगाला मातीचाच वास,
आज स्पिरिटचा.

डॉक्टरीण तरुण आहे, ग्रोनिंगनकडची.
स्क्रीनवर तुझं फुफ्फुस उघडून दाखवते:
उजवीकडे, वर, अक्रोडाएवढी पोकळी
आणि तिच्यात काहीतरी ऐसपैस बसलेलं.
"ही बुरशी सगळ्यांच्याच श्वासातून जाते," ती म्हणते,
"तरण्या छातीत टिकत नाही.
यांना आधी फ्लू, मग दम्यासाठी स्टिरॉइड, आणि वय एकोणऐंशी."
मग विचारते, कंद कशात बुडवायचात?

तू हसलास. की खोकलास, सीब्रांड, मला कळलं नाही.
हौदात.
दर शरदात, पांढुरक्या पाण्याच्या हौदात
जाळीच्या पेट्या बुडवून वर काढायच्या,
कंदांना बुरशी लागू नये म्हणून.
डब्यावरचं नाव तू पाठ म्हणून दाखवलंस.
तिचं पेन मध्येच थांबलं.
"आमचं औषध त्याच घराण्यातलं आहे," ती म्हणाली,
"तुमच्या बुरशीला ते ओळखीचं झालंय."

पेरावं तसं उगवतं म्हणतात.
पण हे पेरलं कुणी?
शेडमागे सालींचा, कुजक्या कंदांचा ढीग,
थंडीत त्यातून वाफ निघायची,
तू फावड्याने तो उलटायचास
आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, टोपी घाल!
टोपी.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, हार्लेममध्ये, तू चार वर्षांचा.
आईने कंद उकडले, मधला पिवळा कोंब काढून.
ओल्या भुशासारखी चव, तू सांगायचास,
आणि तरी ताट चाटलं होतंस.
त्यांनी तुला जगवलं, तू जन्मभर त्यांना.
हिशेब तिथे मिटला असं आपण धरून चाललो होतो.

आता दुसरं औषध, पिवळं, थेंबाथेंबाने,
मूत्रपिंडं सांभाळत सांभाळत.
तू डोळे मिटून विचारतोस, मागचा तुकडा फुलला का?
फुलला, मी म्हणते. बाकाबद्दल सांगत नाही.
तुझ्या नखांत अजून काळं आहे.
नर्स येते तेव्हा
मी तुझा हात चादरीखाली घेते.