उपयोगिता प्रमाणपत्र

मा. लेखापरीक्षक साहेब,
महानगरपालिका, कोल्हापूर.
आक्षेप क्रमांक तीन पोचला:
"हलग्या, चार नग.
त्याच आठवड्यात आवाज अडवणारी कानझाकणं, अकरा नग.
दोन्ही खर्च परस्परविरोधी. खुलासा व्हावा."

खुलासा करते.

हलगी आधी शेकावी लागते, साहेब.
शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी
मारुती आवळे रद्दी पेटवतात,
कातडं जाळावर फिरवतात, टिचकी मारून बघतात.
(रद्दीची पावती नाही. तो खर्च माझा.)
मग पहिला ठोका पडतो,
आणि तुमच्याआमच्या पायांत जे आपोआप उठतं
ते मुदस्सर बागवानच्या अंगात
काच फुटल्यासारखं शिरतं.
जूनमध्ये तो बाकाखाली गेला.
सप्टेंबरपर्यंत त्याचा वर्ग बाकाखालीच भरला.
हजेरीपटावर मी त्याला हजर लिहिलं.
बाकाखाली असणं म्हणजे गैरहजर
असा नियम मला कुठं सापडला नाही.

कानझाकणं आल्यावर तिसऱ्या शनिवारी
बाकाखालून आधी एक हात आला.
हलगीच्या कातड्यावर पालथा पडून राहिला.
मारुती कडेकडेनं, नखानं वाजवत होते.
"बाई," ते म्हणाले, "पोरगं हातानं ऐकतंय की वं."
तर खर्च परस्परविरोधी नाही.
एक वस्तू दार आहे, दुसरी उंबरा.

आक्षेप चार.
"निळा रंग चौदा बाटल्या. इतर रंग निरंक."
बरोबर आहे.
बाकीच्यांनी मातीवर भागवलं.
गंगावेशीतल्या कुंभारांनी
गणपती झाल्यावर उरलेला शाडू पाटीपाटीनं दिला.
निळा सगळा अवधूत सुतारला लागला.
बघणारे विचारतात, रंकाळा काढतो का?
नाही. तो नळ काढतो.
थेंब सुटायच्या जरा आधीचा नळ.
चौदा बाटल्यांत एकदाही थेंब पडलेला नाही.

तुमच्या नमुन्यात त्याच्यापुढं "स्वमग्न" असा शिक्का आहे.
मी रोज बघते, साहेब,
तो स्वतःत कुठं मग्न आहे?
तो थेंबात मग्न आहे,
पंख्याच्या तिसऱ्या पात्यात मग्न आहे,
माझ्या बांगडीच्या टवक्यात मग्न आहे.
स्वतःत मग्न असणारी माणसं
मी अनुदानाच्या बैठकीत पाहिली.

रकाना सात: "लाभार्थ्यांमधील सुधारणा, टक्के."
कोरा ठेवला आहे.
सुधारणा झालीच असेल तर मारुतींच्यात झाली.
पस्तीस वर्षं मिरवणुकीत हलगी बडवलेला माणूस
आता ठोका टाकण्याआधी विचारतो, "वाजवू का?"
आणि थांबतो.
शर्वाणीचं उत्तर यायला
कधी कधी चार मिनिटं लागतात.
त्या चार मिनिटांचं मानधन
देयकात लावलेलं नाही.

मंजूर रक्कम त्र्याऐंशी हजार चारशे.
शिल्लक दोनशे बारा, चलनानं भरली. पावती जोडली आहे.
लेखाशीर्ष बघितलं, "क्रीडा, सांस्कृतिक व इतर."
त्यातल्या "इतर"मधून आम्हाला पैसे आले.
हरकत नाही.
पण पुढच्या अंदाजपत्रकात कात्री आधी
त्याच शब्दावर चालते, असं तुमच्याच ऑफिसात
चहा देणाऱ्या पोरानं सांगितलं.
म्हणून ही विनंती:
आम्हाला एखादं नाव द्या.
मोठं नको. फायलीच्या कडेवर मावेल एवढं.

आपली विश्वासू,
हेमलता इंगवले,
शनिवारचा वर्ग.

ता.क. समक्ष तपासणीला यायचं म्हणता, जरूर या.
चपला बाहेर काढाव्या लागतील,
बसायला सतरंजी आहे.
फक्त ते खटक्याचं पेन आणू नका.
परवा तुम्ही दारात उभं राहून
विचार करता करता ते वाजवत होता.
टक्. टक्.
मुदस्सर अजून हलगीला हात लावायला तयार नाही.