अळणी

तीनदा चुना लावला या भिंतींना,
तरी दुपारी शेगड्या पेटल्या की
वखारीला घाम फुटतो,
आणि घामाला तंबाखूचा वास.
शिवलीला मॅडम म्हणतात, फोडणी नाकानं ओळखायची.
मी मान हलवते.
मला जिऱ्याचा, मोहरीचा, करपल्याचा
एकच वास येतो.

आठवीपासून सुट्टीला आईबरोबर
याच खांबाला टेकून जर्दा चाळलाय मी.
आता त्या जागी काटा आहे,
एका ग्रॅमलाही थरथरणारा.

सेवेचं वर्ष. दहाजण.
पांढऱ्या ॲप्रनवर कानडीत नाव,
माझंच, आधी नुसतं चित्र वाटलेलं,
दिवाळीपर्यंत वाचता आलं.
पाककृतीचा कागद इंग्रजीत, हुकूम कानडीत,
बोट कापलं की ओरडणं
ज्याच्या त्याच्या आईच्या भाषेत.
पहिले शब्द शिकले दोन: बेकु, साकु.
हवं. पुरे.
बाकीची भाषा पातेली घासताना आली.

तौसीफ मुजावर कांदा असा चिरतो
की प्रत्येक तुकड्याला जुळा भाऊ सापडावा.
अक्कोळचा भरमू आधी हायवेवर बशा विसळायचा,
अजून ताटली पडली की आधी गाल झाकतो.
मी भाकरीत पुढं, सुरीत मागं.
"बोटं आत वळव. नख दिसलं नाही पाहिजे."
आईनं उलटं शिकवलेलं:
विडीचं तोंड दुमडायला नख लागतं, राख जपून.
ते मी कापलं, अंगठ्याचं. तिला सांगितलं नाही.

साडेअकराला ऐंशी डबे निघतात,
निपाणीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना.
निम्म्याहून जास्त वखारीत राबलेल्या बाया.
डबे परत आले, अर्धे भरलेले.
निरोप एकच: अळणी.
मॅडमनी चाखलं, बरोबर होतं.
तौसीफनं चाखलं.
मीठ पुन्हा काट्यावर घातलं, बरोबर.
दुसऱ्या दिवशी पुन्हा अळणी.
"डॉक्टरांनी लिहून दिलंय. चिमूटभर वाढवायचं नाही. साकु."

रात्री आईकडं बघत बसले.
ती आमटीत मीठ घालते, चाखते, घालते.
कधी मोजलं नव्हतं. चार वेळा.
मग डबा हातात धरून मलाच विचारते,
"घातलं काय गं मी?"

वीस वर्षं नाकातोंडात गेलेली धूळ
कुठल्याच पगाराच्या वहीत लिहिलेली नसते.

सकाळी मॅडमना म्हणाले, मोडक्या कानडीत:
उप्पु बेड. हुळी.
मीठ नको. आंबट.
चिंच भिजवली, नेहमीपेक्षा मूठभर जास्त.
धणे कोरडे भाजले तडतडेपर्यंत,
लसूण ठेचून शेवटी, कच्चाच.
वखारीत बाया पदराला चिंच का बांधून आणायच्या
ते मला तेव्हा, डाव हातात असताना कळलं.

मॅडमनी डाव ओठाला लावला.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग कागदावर पेन्सिलीनं एक ओळ खोडली.

त्या दिवशी एकाहत्तर डबे पुसून आले.
नऊ तसेच.
एकात चिठ्ठी, नातवाच्या अक्षरात:
आज्जी म्हणते, आंबट लई झालं.
भरमू इतका हसला की टोपी पडली त्याची.

मी पातेलं ओढलं, घासायला.
बुडाला चिकटलेल्या धण्यांचा,
धण्यांचाच काय हा?
वास आला.
नळ बंद केला.
पुन्हा वाकले.