तिसरी रांग, डावं टोक

स्वॉन्झीच्या कोर्टात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं.
साक्षी, उलटतपासण्या,
एकदा तर एका चोराने म्हटलेलं भजनसुद्धा.
आता तासाच्या पैशांवर, अ‍ॅबरिस्टविथच्या विद्यापीठात
हेलेदच्या शेजारी बसते
आणि हिमनद्या उतरवून घेते.

नियमांचा कागद दिलाय:
शिक्षक बोलतील तेवढंच लिहावं.
आपलं मत घालू नये.
विद्यार्थिनीच्या वतीने बोलू नये.

कोर्टातही हेच होतं.

तिची जागा ठरलेली. तिथून दार सात पावलांवर.
डोक्यावरची ट्यूबलाइट गुणगुणते.
मला ऐकू यायची नाही, तिने दाखवली तेव्हापासून येते,
आता तर घरी, रात्री, उशीवरही.
ती म्हणाली, सॉरी.
अगं, तू कशाला?
मीच दाखवली ना, म्हणाली.

डॉक्टर प्रॉसर भले गृहस्थ.
बर्फ स्वतःच्याच वजनाने कसा वाहू लागतो
हे सांगताना त्यांचे हात टेबलभर पसरत जातात.
पण चाळीस मिनिटं झाली की म्हणतात,
"चला, आपापले गट करा,"
आणि खुर्च्यांचा जो खरखराट उठतो
त्यात हेलेद तिथल्या तिथे.
बर्फाने कुठूनसा उचलून आणलेला,
मग बर्फच निघून गेल्यावर माळावर एकटा उरलेला दगड असतो ना,
या शास्त्रात त्याला म्हणतात भटका धोंडा.
खरं तर भटकतो तो बर्फ.
वहीत मी लिहिते: ११.४२, गट.
दुसरं काही लिहायची मुभा नाही.

दर सप्टेंबरला तिने नवं पत्र आणायचं,
डॉक्टरच्या सहीचं, की ती अजून तशीच आहे.
"उन्हाळ्यात बरी झाले असेन तर?"
चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारते.
तो विनोद होता हे मला तीन दिवसांनी कळलं.

वसतिगृहात पहाटे तीनला आगीची घंटा वाजली.
कुणाचा तरी टोस्ट करपला होता.
सगळे खाली गाड्यांमध्ये उभे, हसत, कुडकुडत,
आणि ती डोक्यावरून रजई, कानांवर तळवे.
दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही.
मी रिकाम्या खुर्चीशेजारी बसून लिहीत राहिले.
नियमात बसतं का, विचारलं नाही.
शिक्षक तर बोलत होते.

मागच्या रांगेत तेगिद म्हणून एक मुलगा आहे.
पाय सतत हलता. पेनं हरवतात, तारखा हरवतात,
एकदा एक बूट हरवला, एकच.
ती परतली त्या दिवशी त्याने काही विचारलं नाही,
बाकावरून केशरी फोमचे बोळे सरकवले, एक जोडी.
दुसरी जोडी त्याच्या स्वतःच्या कानांत होती.
११.४२, गट. दोन.

वही परत आली ती पान चारवर पेन्सिलीच्या बारीक अक्षरांसह:
इथे तुम्ही 'बहुधा' लिहिलंय.
प्रॉसर 'बहुधा' म्हणाले नव्हते.
एकतीस वर्षांत न्यायाधीशांनीही माझी चूक काढली नव्हती.
आठवून पाहिलं. खोडलं.

समुद्राकाठचा लांब रस्ता टेकडीपाशी संपतो,
तिथे एक लोखंडी कठडा आहे.
गावचा रिवाज असा की चालत आलेल्याने
त्याला पायाने ठोकर मारायची, मगच मागे वळायचं.
विद्यार्थी मारतात, कुत्री फिरवणारे मारतात,
टाय लावलेले नगरसेवक मारतात.
का, ते विचारलं तर दहा जणांची दहा उत्तरं.
हेलेद रोज चार दहाला.
डावा पाय, उजवा, पुन्हा डावा.
शाळेत असल्याच गोष्टींसाठी
तिच्या आईला बोलावणं यायचं.
इथे कुणी वळूनही बघत नाही,
आपली पाळी यायची वाट बघत उभे असतात.

काल वारा फार होता. मी तिच्या मागेच होते.
आजूबाजूला पाहिलं आणि मीही मारली.
ती थांबलेली.
"तुमची एकच झाली," म्हणाली.