दोरी नसलेली लिफ्ट

जुईलीच्या समुद्रात आज केल्प लावलाय.
"शेवाळ?" मी विचारलं.
"शेवाळ नाही हो बाबा, केल्प."
तळाच्या वाळूत एक कोंब, डोक्यावर पाणी,
आणि वाट बघायची.
प्रत्येकाची उंची म्हणे लावतानाच ठरलेली.
कुणी चार हातांवर थांबतो,
कुणी पंचविसापर्यंत जातो.
कुठला किती, ते आधी कळत नाही.

मी लिफ्टवाला. म्हणजे बिघडलेल्या लिफ्टचा.
शीव ते मुलुंड, रात्रपाळी.
कितीही घासा,
भाताला ग्रीसचा वास येतोच.

कापलेला केल्प ती भट्टीत वाळवते,
नऊ वड्यांचा एक ठोकळा,
तोच पुन्हा त्याच भट्टीला सरपण.
थोडा खातेही.
"अर्धीच भूक भागते, पण पटकन खाऊन होतो."
ते खाणं मला माहीत आहे.
मशीन रूमच्या पायरीवर, दोन कॉलच्या मध्ये,
खारी, चहाशिवाय.

मग तिनं लिफ्ट बांधायला घेतली.
काचेची उभी नळी, वरून पाणी सोडलेलं.
"पडणारं पाणी खरं नसतं, बाबा.
ते वरच्याच्या जिवावर असतं.
त्यात तळापासून वरपर्यंत केल्प लावत जायचा,
की एकेक घर पाणी स्वतःचं होतं.
मग मुळाशी तोडायचा."
तोडला. अख्खा केल्प सुटून वर तरंगत गेला,
पाणी उभंच राहिलं.
तळाशी तिनं कसलीशी काळपट वाळू ठेवली,
जिच्यात तोंडं दिसतात,
आणि बुडबुडे सुटले.
बाईसाहेब सरळ बाविसाव्या मजल्यावर.

रोप नाही, काउंटरवेट नाही, रेल नाही, ब्रेक नाही.
इन्स्पेक्टर आला तर बघणार काय?
मी सवयीनं विचारलं,
"आणि वरून कुणी पडलं तर?"
"पाणीच आहे ना. काही होत नाही."

मी हात धुवायला उठलो.
धुतलेलेच होते.
नझीर मुलुंडला ज्या पिटमध्ये पडला
तिथंही पाणी होतं,
घोट्याएवढं.

सकाळी शाळेला निघताना
ती टॅब माझ्या उशाशी ठेवते.
"बंद करू नका हं.
जवळ कुणी असेल तरच तो वाढतो.
आणि पाण्यात उतरू नका, दम जातो. काठावर थांबा."

कन्नमवार नगरात नळ येऊन गेलाय,
खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नाहीये.
रात्रभर जागलेला मी
आडवा पडून तिच्या समुद्राच्या काठावर उभा.
डोळा लागतो. स्क्रीन मंद होत जाते.
अंगठ्यानं हलवतो.
सात. आठ.
हा बहुतेक थांबला.
शेजारचा अजून चाललाय.